घाट चढल्यावर बॉनेटमधून जळका वास: क्लच, ऑइल की आणखी काही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ९२,००० किलोमीटर झालेली. वडिलांना डॉक्टरांकडे दाखवायला दर पंधरवड्याला रत्नागिरीहून कोल्हापूरची खेप. गेल्या दोन खेपांना साखरप्याकडून आंबा घाट चढून वर चहाला थांबलात की बॉनेटच्या कडेनं जळका वास, एकदा बारीक धूरही दिसला. दहा-पंधरा मिनिटांत सगळं गायब. सपाट रस्त्याला काहीच नाही. मात्र कोल्हापुरात सिग्नलला उभ्या असताना एसीच्या जाळीतून तसाच वास आत आला. टेंपरेचरचा काटा मधोमध, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. एका गॅरेजवाल्यानं क्लचप्लेट गेली म्हणून १४,००० सांगितले, दुसरा म्हणाला इंजिन खोलावं लागेल. येत्या शनिवारी पुन्हा निघायचंय.

दोघांनाही सध्या थांबवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर आहे. ते काही शेकड्यांचं रबर आहे. तरी गाडी समोर नसताना मी पैजेवर सांगणार नाही. तुमचं तुम्हालाच तपासता येईल असं सगळं खाली लिहितो.

उद्यमनगरात माझ्या गॅरेजला २८ वर्षं झाली. त्याआधी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे तो वास कसला हा नव्हे, वास कधी येतो हा. कारण वासाचं वर्णन माणसागणिक बदलतं. एकाला रबर जळल्यासारखं वाटतं, दुसऱ्याला तेच तेल वाटतं, तिसरा म्हणतो केस जळताहेत. वेळ मात्र सहसा चुकत नाही. चढावर येतो की उतारावर, चालताना की थांबल्यावर, एसी लावल्यावर की दिवे लावल्यावर, सकाळी पहिल्या पाच मिनिटांत की तासाभरानं, एवढं नीट सांगता आलं तर निम्मं निदान बॉनेट न उघडताच होतं.

तुमच्या बाबतीत वेळ आहे थांबल्यावर. हे फार बोलकं आहे. गाडी चालत असते तेव्हा समोरून येणारा वारा बॉनेटखालचा वास खालून मागे वाहून नेतो. थांबलात की वारा बंद, आणि गरम हवा वर चढते. काचेच्या खाली, वायपरजवळ जी जाळी असते तिथूनच केबिनला बाहेरची हवा मिळते, म्हणून सिग्नलला वास एसीतून आत येतो. याचा अर्थ वासाचं उगमस्थान बॉनेटखाली आहे, चाकांपाशी किंवा मागे सायलेन्सरच्या नळीपाशी नाही.

आता घाटातच का? इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला आम्ही टॅपेट कव्हर म्हणतो. आत कॅमशाफ्टवर, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, सतत ऑइल उडत असतं. झाकण आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधे रबरी पॅकिंग असतं. १०-१२ वर्षं गरम-गार होऊन ते रबर कडक पडतं, जुन्या पापडासारखं वाकवलं की मोडतं. मग झाकणाच्या कडेनं ऑइल पाझरायला लागतं. थेंब पडत नाहीत, म्हणून पार्किंगमधे डाग दिसत नाही. पाझरतं आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, जातं. इंजिनावर भार असताना मॅनिफोल्ड ४००-५०० अंशांच्या वर सहज जातो. ऑइलची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान २०० अंशांच्या थोडंसं पुढे. धूर त्याच्या आधीच सुरू होतो. सपाट रस्त्याला ऑइल थोडं, मॅनिफोल्ड त्यातल्या त्यात गार, वारा भरपूर. वास जाणवत नाही. चढाला दुसऱ्या गिअरमधे इंजिन रेटतंय, वेग वीस-पंचवीसचा, वारा नाही. वर गाडी मागे कललेली, त्यामुळे हेडमधलं ऑइल केबिनकडच्या कडेला गोळा होतं. तुमच्या गाडीचा मॅनिफोल्ड त्याच बाजूला असेल तर सगळा खेळ जुळून आला. गळतं बहुतेक नेहमीच, दिसतं तेवढं आंब्याला.

हे कसं पाहायचं ते सांगतो. गाडी रात्रभर उभी असू द्या, सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडा. वर प्लॅस्टिकचं शोभेचं कव्हर असेल तर हातानं उचलून काढा, बहुतेक गाड्यांना ते रबरी बुचांवर बसवलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि टॅपेट कव्हरची कड चारही बाजूंनी फिरून बघा, विशेषतः मागची, जी दिसत नाही. तिथं कॅमेरा घालून फोटो काढा. कोरड्या धुळीचा रंग राखाडी असतो. ऑइल पाझरलेल्या जागी तीच धूळ काळी, ओली, चिकट झालेली असते. बोट फिरवून बघा.

ओलं सापडलं तर आणखी एक खात्री करायची. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे पसरतं, त्यामुळे सगळीच बाजू माखलेली दिसते आणि मिस्त्री सगळीच पॅकिंगं बदलायला सांगतो. गळती नेहमी सगळ्यात वरच्या ओल्या जागेपासून शोधायची. ती जागा डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं द्रावण) आणि चिंधीनं स्वच्छ पुसा, वाळू द्या, आणि तिथं अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवा. हो, तीच, बाळाची. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि इंजिन गार झाल्यावर बघा. पांढऱ्या पावडरीत ऑइलची वाट अशी उमटते की शाळेतल्या पोरालाही कुठून निघालं ते सांगता येईल. बेल्टच्या बाजूला मात्र पावडर उडवू नका, बेल्ट किंचाळायला लागतो आणि नवाच संशय सुरू होतो.

पॅकिंगचं काम छोटं आहे, पण चुकीचं केलं तर सहा महिन्यांत परत येतं. माझ्याकडेच आलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गाडीचं पॅकिंग मी दोनदा बदललं, दोन्ही वेळेला तीन महिन्यांत पुन्हा ओलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की चूक पॅकिंगची नव्हतीच. इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या कडेनं थोडा वायू उतरत राहतो. तो बाहेर काढायला पीसीव्ही नावाचा छोटा वॉल्व्ह असतो, तो वायू परत इनटेकमधे, म्हणजे इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेत, ओढून जाळतो. हा वॉल्व्ह काजळीनं तुंबला की पोटात दाब वाढतो, आणि तो दाब जिथं कमजोर जागा सापडेल तिथून ऑइल ढकलतो. मी कमजोर जागा बदलत बसलो होतो. तेव्हापासून टॅपेट कव्हर उघडलं की तो वॉल्व्ह आणि त्याची नळी मी बघतोच. साधा वॉल्व्ह असेल तर काढून कानाजवळ हलवायचा, आत टकटक वाजला पाहिजे. मुका असेल तर बदला, स्वस्त असतो.

घरच्या घरी दाब बघायचा असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमधे, हँडब्रेक ओढलेला, आणि ऑइल भरायचं झाकण हळू सैल करून उचला. ओढणी आणि केस बेल्टपासून लांब ठेवा. थोडे शिंतोडे उडतील, घाबरू नका. हलकी धकधक किंवा किंचित ओढ जाणवली तर ठीक. झाकण फडफडतंय, जोरानं वायू बाहेर येतोय, धुरासारखं दिसतंय, तर एक तर पीसीव्ही तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

तुमच्या दुसऱ्या गॅरेजवाल्याचं 'इंजिन खोलावं लागेल' याच जागेवर तपासायचं. रिंगा गेल्या असतील तर सायलेन्सरमधून निळसर धूर दिसेल आणि हजार किलोमीटरला ऑइल ठळकपणे कमी होईल. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. तरी तो ठाम असेल तर त्याला म्हणा, आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची चाचणी, करून आकडे कागदावर लिहून द्या. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तर इंजिनाला हात लावू द्यायचा नाही. तीन अकरा बारच्या आसपास आणि एक सातवर, असं काही निघालं तर मग बोलता येईल. टेस्ट न करता इंजिन खोलायची भाषा करणाऱ्या माणसाकडे मी माझी स्वतःची गाडी सोडणार नाही.

पॅकिंग बदलताना मिस्त्रीजवळ उभ्या राहिलात तर चार गोष्टी बघा. पहिली, स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत ऑइल साचलंय का. प्लगला वीज देणारी कॉइल वर ओढली की तिच्या रबरी नळकांड्याला ऑइल लागलेलं दिसतं. असेल तर त्या खड्ड्यांच्या रबरी रिंगाही त्याच वेळी बदलायच्या. बऱ्याच गाड्यांच्या पॅकिंग किटमधे त्या येतातच. आणि प्लग काढायचा असेल तर आधी ते ऑइल चिंधीनं किंवा सिरिंजनं ओढून घ्यायचं, नाहीतर प्लग निघाल्याबरोबर सगळं सिलिंडरमधे. दुसरी, कव्हर आणि हेडच्या कडा प्लॅस्टिकच्या पट्टीनं स्वच्छ केल्या पाहिजेत. लोखंडी पटाशीनं खरवडलं तर अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच नवी गळती. तिसरी, सिलिकॉनची ट्यूब. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या बाजूचं झाकण) आणि हेड जिथं मिळतात त्या कोपऱ्यांवर वाटाण्याएवढा थेंब लावायचा असतो. काहीजण अख्ख्या पॅकिंगवर केकवर क्रीम लावल्यासारखं फासतात. बाहेर आलेलं तुम्हाला दिसतं. तेवढंच आतही जातं, तुटून ऑइलमधे पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. मग खरंच इंजिन खोलावं लागतं. चौथी गोष्ट म्हणजे बोल्ट. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत, पुस्तकात दिलेल्या ताणानंच. तो ताण अगदी कमी असतो, बहुतेक गाड्यांत १० न्यूटन मीटरच्या आसपास. 'जरा दाबून आवळतो ताई, परत गळायला नको' असं कोणी म्हणालं की हात धरा. प्लॅस्टिकचं कव्हर वाकतं, तडकतं, आणि मग पॅकिंगऐवजी अख्खं कव्हर घ्यावं लागतं.

काम झाल्यावर चार-पाच दिवस वास येणारच. मॅनिफोल्डवर आणि त्याच्या पत्र्याच्या आड जे जुनं ऑइल मुरलंय ते जळून जायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी वास आला म्हणून मिस्त्रीला फोन करू नका. कमी कमी होत गेलं पाहिजे, एवढंच बघा. धुताना पेट्रोल वापरू देऊ नका आणि प्रेशरचं पाणी कॉइल-अल्टरनेटरवर मारू देऊ नका.

आता क्लचबद्दल, कारण पहिल्या गॅरेजवाल्याचा तर्क अगदीच वेड्यासारखा नाही. घाटात जळका वास म्हटलं की दहातल्या बऱ्याच गाड्यांत तो क्लचचाच निघतो. ट्रकच्या मागे चढावर अडकलं की ब्रेक न लावता लोक हाफ क्लचवर गाडी झुलवत ठेवतात. त्या वेळी प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, घासत असते. वास जळक्या वर्तमानपत्राच्या रद्दीसारखा, कोरडा, नाकात बसणारा. पण तो येतो घासताना आणि त्यानंतर लगेच, सिग्नलला उगाच उभं असताना नाही. तुमची सिग्नलची ओळ वाचली नसती तर मीही क्लचच म्हणालो असतो.

तरी तपासून टाका. मोकळा सपाट रस्ता बघून चौथ्या गिअरमधे ४०-५० च्या वेगानं चला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा एकदम वर गेला, पण गाडीचा वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच सरकतोय, प्लेट आली बदलायला. दोन्ही जोडीनं हळूहळू वाढले तर क्लच धडधाकट आहे, १४,००० तुमच्याच पर्समधे ठेवा. एखाद्या दिवशी क्लचचा वास आला म्हणजे प्लेट गेली असं होत नाही. वीस मिनिटं गार होऊ दिलं आणि सवय सुधारली तर तीच प्लेट वर्षानुवर्षं चालते. चढावर पुढच्या गाडीत अंतर ठेवा, थांबायचं तर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा, निघताना पहिला गिअर, क्लच धरेपर्यंत सोडा, मग हँडब्रेक. पुण्या-मुंबईचे लोक याला हसतात, घाटातली एसटी मागे सरकताना दिसली की हसू थांबतं.

ऑइल आणि क्लच यांची गाठ पडते अशी एक जागा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्रँकशाफ्टचं मागचं सील असतं. ते गळलं तर ऑइल थेट क्लचवर उडतं, प्लेट सरकायला लागते आणि दोन्ही वास एकत्र येतात. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब लोंबकळताना दिसला तर हे असू शकतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तसं निघालंच तर सील आणि क्लच एकाच उतरवणीत करून घ्या, मजुरी एकदाच पडते.

तुमच्या गाडीला लागू नसलं तरी हे उत्तर आणखी दहाजण वाचतील, म्हणून बाकीचे वासही सांगून ठेवतो.

गोड वास कूलंटचा. आमच्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, म्हणालं गाडीत गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा वास येतोय. हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट पायाशी गळत होतं, काचेवर आतून चिकट धुकं धरत होतं. बरोबर ओळखलं होतं त्यानं. पुढच्या आठवड्यात त्याचा मित्र हीच तक्रार घेऊन आला, पण ती जानेवारीतली गोष्ट, आणि त्याचा रोजचा रस्ता खऱ्याच गुऱ्हाळांमधून जात होता. गाडीला काही झालेलं नव्हतं. कूलंट विषारी असतो, कुत्र्या-मांजरांना त्याची गोडी मारते. जमिनीवर सांडलेलं धुवून टाका. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण फिरवलं की सगळं तोंडावर. काटा वर चढला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, अर्धा-पाऊण तास काहीच करायचं नाही.

उतारावर किंवा घाट उतरून खाली आल्यावर जळका वास आला तर तो ब्रेकचा. चारही चाकांना सारखा असेल तर उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात, पुढच्या वेळी ज्या गिअरमधे चढता त्याच गिअरमधे उतरा. ब्रेक ऑइल डॉट ३ असेल तर ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, जुनं होऊन त्यात पाणी मुरलं की १४० लाच. उकळलं की पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं, पावसाळ्यातल्या कोकणात तर नक्कीच. एकाच चाकाकडून वास येत असेल, ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल आणि गाडी एका अंगाला ओढत असेल, तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, जाम झालाय. हात थेट रिमला लावू नका, जवळ धरला तरी फरक कळतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत कॅलिपरच्या पिना गंजतात, त्या काढून साफ करून योग्य ग्रीस लावलं की बहुतेक वेळा भागतं.

रबराचा वास आणि सोबत किंचाळी आली तर बेल्ट. नवा बेल्ट टाकण्याआधी तो ज्या पुल्या फिरवतो त्या हातानं फिरवून बघायच्या. अल्टरनेटरचं बेअरिंग किंवा एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच जाम असेल तर नवा बेल्टही आठवड्यात जळतो. एसी लावल्याबरोबर वास, बंद केल्यावर गायब, तर कॉम्प्रेसरकडे बघा.

दुधाच्या पिशवीचा किस्सा प्रत्येक गॅरेजमधे असतो. रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी खालून सायलेन्सरला चिकटते आणि दोन-तीन दिवस गाडी भर प्लॅस्टिक जाळल्यासारखी वास मारते. खाली वाकून बघा, गार झाल्यावर लाकडी पट्टीनं खरवडून काढा, खर्च शून्य. उंदरांचंही तसंच. ऊसतोड सुरू झाली, शेतं मोकळी झाली की ते गाड्यांकडे वळतात असा माझा अनुभव आहे. इंजिनावर गवत, चिंध्या, शेंगांची टरफलं आणून घर करतात आणि वायरी कुरतडतात. एकदा मात्र चिंधी उंदरानं आणली नव्हती, आमच्याच पोरानं सर्व्हिसिंगनंतर मॅनिफोल्डच्या पाठीमागे विसरली होती. नशीब, गिऱ्हाईक गल्लीच्या टोकापर्यंतच गेलं होतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच वास आला तर असंच काहीतरी, किंवा फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल. पण एक जरूर बघायला लावा: जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात, आणि चालता चालता सगळं ऑइल रस्त्यावर जाऊ शकतं.

नव्या डिझेल गाडीवाल्यांसाठी एक ओळ. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ डिझेल गाड्यांत काजळी पकडायचा फिल्टर असतो, तो भरला की गाडी स्वतःच तो तापवून काजळी जाळते. तेव्हा तापलेल्या लोखंडासारखा वास येतो आणि गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. तो बिघाड नव्हे. वाळक्या गवतावर मात्र अशी गाडी उभी करू नका.

सडक्या अंड्याचा वास असेल तर बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना साडेचौदाच्या आसपास ठीक, पंधराच्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळतेय. ठिणगी लांब ठेवा.

हे सगळे वास 'बघू उद्या' म्हणून एखादा दिवस ढकलता येतील. दोन वास ढकलायचे नाहीत. एक वायरीचा. प्लॅस्टिक जळल्यासारखा पण उग्र, डोळ्यांना झोंबणारा, कधी मासळीसारखाही, आणि बहुधा डॅशबोर्डकडून किंवा दिव्यांच्या मागून. बाहेरून लावलेल्या गोष्टींत हे जास्त. कंपनीच्या हेडलाइटला ६० वॉटचा बल्ब असतो, त्याला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. त्याच वायरीवर १०० वॉटचा लावला की सव्वाआठ अँपिअर. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीन पटींच्या घरात. होल्डर वितळणारच. फ्यूज उडतो म्हणून कोणी मोठा फ्यूज टाकून दिला असेल तर तो आजच काढा. फ्यूज उडत होता म्हणूनच गाडी शाबूत होती. असा वास आला तर गाडी बाजूला, किल्ली बंद, सगळे बाहेर, आणि धूर नसेल व पाना हाताशी असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची.

दुसरा वास कच्च्या पेट्रोलचा किंवा सीएनजीचा. तो जळका नसतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि तोच सगळ्यात वाईट. गाडी चालवत गॅरेजपर्यंत न्यायची नाही, मिस्त्रीला गाडीकडे बोलवायचं.

खरंच धूर दाट झाला, ज्वाळ दिसली, तर बॉनेट पूर्ण उघडू नका. उघडलं की हवा मिळते आणि भडका तोंडावर येतो. आधी माणसं लांब, वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला, मग ११२ किंवा १०१ ला फोन. हाताशी पावडरचा अग्निशामक असेल आणि आग अजून छोटी असेल तरच बॉनेटची पहिली कडी सोडून फटीतून मारा. जमलं नाही तर गाडी जाऊ द्या.

शनिवारबद्दल. पॅकिंगचं काम तोवर झालं नाही तरी, फक्त पाझर असेल तर खेप करता येईल, पण दोन अटींवर. शुक्रवारी संध्याकाळी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक ओढा, पुसा, परत घाला, परत ओढा. ऑइल दोन खुणांच्या मधे वरच्या निम्म्यात हवं. कमी असेल तर थोडं थोडं घालून पुन्हा बघा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका, जास्त ऑइलही गळतीच वाढवतं. त्याच ग्रेडचा लिटरभराचा डबा डिकीत टाका. आणि मॅनिफोल्डवर ऑइलचा ओघळ दिसत असेल, नुसती ओल नव्हे तर वाहिलेलं, तर गाडी घाटात घालू नका, त्या दिवशी एसटीनं या.

आंब्यात थांबलात की लगेच इंजिन बंद करू नका, एसी बंद करून मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू ठेवा, मग बॉनेट जराशी उघडी ठेवून चहा घ्या. वास आलाच तर नाक कुठल्या कोपऱ्याकडे जातं ते लक्षात ठेवा. पावडर टाकल्यावरचा मागच्या कडेचा फोटो आणि चौथ्या गिअरच्या चाचणीत काट्यानं काय केलं ते मला कळवा, म्हणजे कुठलं पॅकिंग किट मागायचं आणि मजुरी किती योग्य ते सांगतो.